काटेकाकांचं कोडं

दाराची मूठ काटेकाकांच्या हातात आली. तिचा उरलेला अर्धा भाग पलीकडे फरशीवर टणकन पडला आणि घरंगळत कुठेतरी गेला.

काकांनी मूठ परत भोकात बसवून पाहिली. ती नुसतीच फिरली. त्यांनी दार ढकललं, मग ठोठावलं. ठोठावल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. घरात होतं कोण उघडायला? मुलगा आणि सून सकाळीच परगावी गेले होते, ते उद्या संध्याकाळी येणार होते. न्हाणीघराचा झरोका दोन इमारतींमधल्या बोळात उघडत होता. तिथून त्यांनी हाका मारल्या. खालच्या पाण्याच्या पंपाने त्या गिळून टाकल्या.

हसू फार टिकलं नाही. नाश्त्याआधीचं इन्सुलिन त्यांनी टोचून घेतलं होतं आणि नाश्ता बाहेर टेबलावर झाकलेला होता. आधी तोंड धुऊ आणि मग खाऊ, म्हणून ते आत आले होते. आताच अंगाला घाम सुटू लागला होता. वेळेवर पोटात काही गेलं नाही तर काय होतं, हे डॉक्टरांनी त्यांना चांगलं दटावून सांगितलं होतं.

फोनही बाहेरच राहिला होता. जवळ होता तो सुनेने दिलेला जुना टॅब. "बाबा, निदान न्हाणीघरात तरी ती कोडी नेऊ नका," असं ती रोज म्हणायची. आज नेला ते बरं झालं. त्यावरून फोन लागत नसे, पण कोड्यांच्या संकेतस्थळावरचा त्यांचा गट उघडाच होता. गट म्हणजे कंपाउंडर, शिंपीण आणि ते स्वतः. भल्याभल्यांनी हात टेकलेले सांकेतिक मजकूर या तिघांनी मिळून उलगडले होते. एकमेकांची तोंडं मात्र कधी पाहिली नव्हती.

काटेकाका हे नाव शिंपिणीने ठेवलेलं. काकांची उभी हयात दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली होती. "साहेब, वाऱ्याने हलतोय काटा. एवढं चालेल ना?" असं दुकानदार म्हणाला, की ते म्हणायचे, "नाही. खिडकी लावून विका." गटातही तोच खाक्या. मागच्या आठवड्यात शिंपिणीचं उत्तर केसभर चुकलं होतं. "काका, सूतभर इकडेतिकडे झालं म्हणून मी कापड फेकत नाही," ती चिडून म्हणाली. काकांनी लिहिलं, "नाही." बिचारी पुन्हा पहिल्यापासून बसली.

त्यांनी भराभर लिहिलं, "मी न्हाणीघरात अडकलोय. दाराची मूठ तुटली. घरात कोणी नाही. इन्सुलिन घेतलंय आणि पोट रिकामं आहे. कोणाला तरी पाठवा." खाली गाव, रस्ता, इमारत, मजला असा सगळा पत्ता दिला.

लगेच कंपाउंडरचं उत्तर आलं. "वा काका, सुरुवात झकास."

काकांच्या लक्षात आलं. आज रविवार. रविवारी आळीपाळीने एकेकाने स्वतः रचलेलं कोडं घालायचं, असा गटाचा रिवाज होता. आज त्यांचीच पाळी होती.

"कोडं नाही हो. खरंच अडकलोय."

"मागच्या खेपेला चष्मासुद्धा खरंच हरवला होता," शिंपिणीने लिहिलं.

मागच्या पाळीला काकांनी 'माझा चष्मा हरवला, कोणी पाहिला का?' एवढंच लिहिलं होतं. दोघांनी अर्धा दिवस त्यांची समजूत घातली आणि काका वरून 'खरंच हो, खरंच' म्हणत राहिले. कोडं त्या वाक्यातच दडवलेलं होतं. आपल्या त्या हुशारीवर ते कितीतरी दिवस खूश होते.

"शपथ घेऊन सांगतो," त्यांनी लिहिलं.

"शपथ लिहून ठेवा, शिंपीणबाई. कामाला येईल. आणि इन्सुलिन माझ्यासाठी टाकलंय, तेव्हा पहिला धागा माझा."

"धागे तुमचे कधीपासून झाले? तुम्ही बाटल्या बघा. तो मजल्याचा आकडा काय म्हणतोय?"

काकांनी परत लिहिलं. जे लिहीत ते दोघं आनंदाने उचलून घेत. घाम फुटलाय म्हटलं, तर तोही धागा. हात थरथरतायत म्हटलं, तर तोही. काका फरशीवर बसले आणि त्यांनी दाराला पाठ टेकली. अक्षरं एकमेकांत शिरायला लागली होती.

"सापडलं," शेवटी कंपाउंडरने लिहिलं. "माणूस एकटा, भोवती पाणी, उंचावरची जागा, आणि मदतीचा इशारा. दीपस्तंभ. बरोबर ना, काका?"

काका त्या शब्दाकडे बघत राहिले. त्यात बरोबर असं काहीच नव्हतं. 'नाही' लिहिलं असतं तर दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते. आता तेवढंही त्राण नव्हतं. जिंकू देत बिचाऱ्यांना. त्यांनी बोट टेकवून एकेक अक्षर लिहिलं.

"चालेल."

टॅब मांडीवरून फरशीवर घसरला.

"जिंकलो," कंपाउंडरने लिहिलं. "मी म्हटलं नव्हतं?"

मग शिंपिणीचं वाक्य उमटलं.

"थांबा हो. काका 'चालेल' म्हणाले."

पंप घरघरत होता. काकांचे डोळे मिटत आले होते, तेवढ्यात फरशीवरचा टॅब पुन्हा उजळला.

"काका, दारापासून बाजूला सरका. फोडायला माणसं निघालीत."