अडीचकी

"माणशी बट्टी किती धरायची ते वयावर आहे, अक्का," हिलाल आचारी म्हणाला. "गेलेल्याचं वय सांगा. नाव नको."

नाव न विचारण्याचा नेम त्याला गुरूकडून मिळाला होता. म्हातारं माणूस गेलं, तर बाराव्या दिवशीच्या गंधमुक्तीला माणशी तीन बट्ट्या उठतात. तरणंताठं गेलं, तर दोनही घशाखाली उतरत नाहीत. दुःखालाही वजन असतं आणि ते पिठातून वजा करावं लागतं, एवढं गणित त्याला चाळीस वर्षांत उमगलं होतं.

"बावन्न," द्रौपदाबाई म्हणाली.

"मग अडीच."

असोद्याच्या त्या ओसरीवर दुपारचं ऊन पायरीपर्यंत येऊन थबकलं होतं. अकरा महिन्यांनी कुणी त्याला बोलावलं होतं. एरंडोलला त्याची पंगत कमी पडली होती. आदल्या दिवशी एकादशी होती, एवढंच तो विसरला. उपाशी पोटं आली आणि शेवटची ओळ कोरड्या पत्रावळींवरून उठली. पंगत उपाशी उठली की गेलेला जीवही उपाशी फिरतो, असं लोक मानत. ही पंगत चुकली, तर त्याची कढई पुन्हा चुलीवर चढणार नव्हती.

"गावातली घरं?"

"साठ. पाचानं गुणा, तीनशे."

"बाहेरगावची?"

"माझं भडगावचं माहेर धरून सत्तर. बाहेरचे घरटी दोनच येतस. एकशे चाळीस. वर केळीतले मजूर चाळीस. त्यासले विसरू नका, भाऊ. मानपानवाले सारे ध्यानात राहतस, राबणारेच राहून जातस."

हिलालने बोटं दुमडायला घेतली. चारशे ऐंशीची अडीचकी...

"चौथाई करा न् वर शून्य द्या," ती म्हणाली. "एकशे वीस. म्हणजे बाराशे बट्ट्या. किलोले बारा, तर पीठ एक क्विंटल."

"कढई तुम्हीच लावा, अक्का. मी आपलं पाणी वाढतो."

ती हसली. तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू त्या हसण्यात किंचित हललं. दीर गेला असेल किंवा नणंद, हिलालने मनाशी म्हटलं.

"ओ आचारी, तिच्याशी आकड्यात पैज लावू नका!" शेजारची लिलाबाई मातीच्या भिंतीवरून ओरडली. "आमची गाय कोणत्या दिवशी व्यायेल, ते हिनं महिनाभर आधी सांगितलं होतं. त्याच दिवशी व्याली!"

सुतकाच्या घरी इतका मोकळा आवाज हिलालला खटकला. आतून मोहरीच्या फोडणीचा वास येत होता, तोही खटकला. पण आचाऱ्याने परक्या घराच्या रीतीत नाक खुपसू नये.

"त्या दिवशी कोठीची किल्ली कुणाजवळ मागू?"

"धन्याजवळ. त्यासले आकडे जमत नहीत. म्हणून सारं आताच ठरवून ठेवस. चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको."

"पंगत कधी म्हणालात?"

"एकोणतीस तारखेले."

एकादशी त्या तारखेच्या आसपास नव्हती. हिलालला हायसं वाटलं. तरी उलटा हिशेब केल्याखेरीज तो उठत नसे. बेरीज खरी की खोटी, ते वजाबाकीच सांगते. त्याने बट्ट्यांवरून माणसं काढली, माणसांवरून घरं. सगळं जुळलं. मग एवढा जुळलेला हिशेब अपुरा का राहावा म्हणून त्याने तारीखही उलटी मोजली. बारावा दिवस, म्हणजे अकरा वजा.

अठरा.

त्याने पुन्हा मोजलं. अठराच. भिंतीवरच्या कॅलेंडरात कालपर्यंतचे चौकोन काट मारून संपवलेले होते. पहिला कोरा चौकोन आजचा. सोळा.

परसातल्या केळींची सळसळ एकाएकी थांबली. पायरीवरचं ऊन आता त्याच्या पावलांवर आलं होतं, पण पावलं गार होती.

"अक्का," त्याचा आवाज खोल गेला, "तुमची तारीख चुकली. या हिशेबानं माणूस परवा जायला हवं."

"चुकली नही."

द्रौपदाबाईने त्याच्या पुढ्यातला रिकामा पेला उचलला, पदर नीट केला आणि शेताकडून येणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"धनी वावरमाईन येतीन आता. त्यासले काही बोलू नका, भाऊ. परवापर्यंत माझ्या हातचं सुखानं जेवू द्या."