धबधब्यापाशी हाक

पाण्यापाशी जाण्याआधी पूर्वजांना हाक द्यायची, ही मर्टल मावशीच्या आदिवासी माणसांची रीत. "म्हाताऱ्यांनो, आपलीच माणसं आहोत, येतोय हो!" तिच्या बोलीतली ही हाक सिडनीहून रानवाटा तुडवायला आलेल्या ग्रेगने सकाळपासून प्रत्येक डोहावर ऐकली होती, हट्टाने पाठही केली होती.

शेवटच्या धबधब्याशी मात्र मावशी मुकाट चालत राहिली. कातळावर गेरूने उमटवलेले हात होते, मोठे, चिमुकले. आणि मधेमधे बोट जाईल एवढी भोकं.

"काय मावशी, इथे विसरलात? वय झालं म्हणायचं!" असं म्हणत ग्रेगने तोंडाशी हात धरून तीच हाक खणखणीत मारली.

मावशीची काठी सणकन त्याच्या तोंडावर बसली. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्ताची धार लागली.

"वेड लागलंय का तुम्हाला? तुम्हीच शिकवलीत ना ही हाक!"



"शिकवली. याच पाण्याआड लपलेली माझ्या आजीची माणसं ती ऐकून, आपलेच कोणी आले म्हणून बाहेर आली. समोर बंदुका रोखून बसलेल्या त्या गोऱ्या घोडेस्वारांनाही आम्हीच शिकवली होती."