डाव्या अंगाची थाप

शिवप्रकाशनं माळ्यावरचा जुना डब्बा मॉनिटर खाली उतरवला, तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. कॉलेजात अर्धवट राहिलेला किल्ल्याचा गेम आज संपवल्याशिवाय उठायचंच नाही.

मॉनिटर जुन्या खोडीवर आला. चित्र थरथरलं, आडव्या रेघा धावल्या. सेलूच्या नेट कॅफेत सगळे करायचे तेच त्यानं केलं. डाव्या अंगाला एक सणसणीत थाप मारली. चित्र गपगुमान जागेवर आलं.

किल्ल्याचं शेवटचं दार राहिलं, तेव्हा त्याची बायको महादेवी चहा घेऊन उंबऱ्यात आली.

"कव्हाचे खेळायलाव! उठा की आता."

बोलता बोलता महादेवी थरथरली. तिच्या तोंडावरून, मागच्या भिंतीवरून आडव्या रेघा धावल्या.

धप्पकन थाप बसली. मॉनिटरच्या काचेच्या आतून, तशीच डाव्या अंगाला.

महादेवी पुन्हा नीट दिसायला लागली. "च्या निवायलाय," ती म्हणाली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

शिवप्रकाशची बोटं कीबोर्डवरून हटली नाहीत. एवढं एकच दार.

दार उघडलं. गेम संपला. पडदा काळा झाला.

महादेवी पुन्हा थरथरायला लागली. कप वाकडा झाला, मग हात, मग चेहरा.

शिवप्रकाश काळ्या काचेकडं बघत आतून येणाऱ्या थापेची वाट पाहत राहिला.