कोरसमधली चौथी बाई

स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला, तेव्हा वृषाली बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून रीमिक्स शिकत बसली होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गाण्यातले आवाज तिने सुटे केले होते आणि कोरसमधल्या चौथ्या बाईला काढून टाकण्याची विनंती नुकतीच पाठवली होती. प्रत्येक गाण्याची आता जगात एकच प्रत असायची. तिच्यातून काढलेला आवाज कायमचा जायचा, म्हणून आधी गाणाऱ्याची परवानगी लागायची.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. फोनवरचं तिने मोठ्याने वाचलं, "'बेसूर बाई. गाणं बिघडवते.' खाली तुझं नाव आहे."

वृषालीने हेडफोन काढला. "ती तू होतीस?"

"लग्नाआधी दोनच गाणी गायले. मग तुझ्या आजोबांनी बंद केलं."

"आई, मी तुझा आवाज ओळखलाच नाही गं."

"कसा ओळखशील? घरात कधी गायले का मी?"

"थांब, मी विनंती मागे घेते."

"राहू दे. उद्या दुसरं कुणीतरी हेच मागणार. त्यापेक्षा तुझ्या हातानं जाऊ दे." आईने 'परवानगी'वर अंगठा टेकवला. "हं, लाव आता."

वृषालीने गाणं लावलं. कोरस स्वच्छ, एकजीव वाजला.

"बरं झालं की गं," आई म्हणाली.

गाणं खरंच सुधारलं होतं. वृषालीला मान वर करता येईना.