कानामागून हात

एकतीस वर्षं झाली, प्रयोगशाळेत मी सशांना सुया टोचतोय. माझी एक रीत आहे. आधी कानामागून तीनदा हात फिरवायचा. ससा सैल पडतो, मग टोचायचं. "काका, तुमच्या हातात जादू आहे," आमच्या मॅडम म्हणतात. जादू कसली, केसानं गळा कापणं आहे ते.

आज बारा ससे झाले. घरी आलो, चपलांसकट खुर्चीत कोसळलो आणि डोळे मिटले. कानामागून कुणीतरी अलगद हात फिरवला.

"राहू दे गं," मी म्हटलं.

"कुणाशी बोलताय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

हात दुसऱ्यांदा फिरला. उठायला हवं होतं. पण इतकं बरं वाटलं, की मी हललोच नाही.

हात तिसऱ्यांदा फिरला, आणि थांबला.