अंगठ्याएवढी जागा

मैत्रीने स्क्रेपर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. गॅरेजमधल्या टेबलावर तिच्या स्कीजची निळी जोडी उलटी ठेवलेली होती. तळाला मेणाचा जाड थर. तो खरवडून काढल्याशिवाय स्की बर्फावर पळत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. उद्या सकाळी शर्यतीला निघायचं होतं आणि हात काही पुढे होत नव्हता.

थर बाबांनी चढवलेला होता. धम्मदीप मूळचे नागपूरचे. मिशिगनला नोकरीसाठी येईपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला. पण पोरीला क्रॉस-कंट्री स्कीइंगचं वेड लागलं आणि मोटारींच्या या इंजिनिअरने तिच्या स्कीज ताब्यात घेतल्या. मेण वितळवायला म्हणून बायकोची, सुमित्राची, नागपूरहून आणलेली इस्त्री त्यांनी गॅरेजमध्ये नेली, ती घरात परत आलीच नाही. दरवर्षी भीमजयंतीचा कार्यक्रम आटोपला, की उन्हाळ्यात तळ सुकू नये म्हणून ते मेण चढवायचे आणि पहिला बर्फ पडला की स्वतःच खरवडायचे. पोरगी राज्याची चॅम्पियन झाली, टीमला पगारी टेक्निशियन आले, तरी या जोडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. "पळते मैत्री, पण घसरवतो मी," असं ते सगळ्यांना सांगायचे आणि लोक हसले नाहीत तर पुन्हा सांगायचे.

यंदा एप्रिलमध्ये त्यांनी मेण चढवलं. जुलैत गेले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता.

उजव्या स्कीच्या टोकाजवळ मेणात एक खळगा होता. मेण गार झालं का, हे बाबा अंगठा दाबून बघायचे. यंदा जरा लवकर दाबला असावा. अंगठ्याच्या रेषा, कधीतरी स्क्रेपर लागून झालेल्या जखमेची आडवी खूण, सगळं तिथे उमटलं होतं. मैत्रीने फोटो काढून पाहिला, तर फोटोत नुसता डाग दिसत होता. पण स्वतःचा अंगठा त्यात ठेवला की तो आत बसायचा आणि भोवती थोडी जागा उरायची. बाबांचा हात मोठा होता. जुलैपासून ती घरी आली की आधी गॅरेजमध्ये यायची. बाबांचा हात धरायला तिला एवढीच जागा उरली होती.

तेवढं ठेवून बाकीचं खरवडावं म्हटलं, तर तेवढ्या मेणानेही स्की अडखळते.

ती आत गेली. "आई, ती निळी पेअर नाही नेत आहे मी. बाबांचं वॅक्स खराब झालंय."

साफ खोटं होतं. पण खरं सांगितलं असतं तर आई त्या टेबलापाशीच बसून राहिली असती. आत्ता कुठे ती दोन घास नीट खायला लागली होती. रडायला एक जण पुरे, असं मैत्रीला वाटलं. सुमित्रा नुसतं "बरं" म्हणाली.

राष्ट्रीय संघाची निवड दोन शर्यतींवर ठरणार होती, एक या शनिवारी आणि एक पुढच्या. मैत्रीचं वय बघता यंदा नाही तर कधीच नाही, हे कोचनेही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. शनिवारी दुसऱ्या जोडीवर ती चढ चढली ती जिवाच्या आकांताने. पण उतारावर, जिथे दम खायचा, तिथे बाकीच्या पोरी तिच्या शेजारून सटासट निघून गेल्या. शेवटी शेवटी ती रडत पळत होती. बघणाऱ्यांना तो घाम वाटला.

कोच म्हणाली, निळी जोडी दुरुस्त करून आण, अजून एक चान्स आहे. मैत्रीने मान हलवली, पण मनात तिने ठरवून टाकलं होतं. पदकं पुष्कळ झाली होती. एवढी वर्षं ज्याच्यासाठी घाम गाळला ते सोडून द्यायचं, आणि तो खळगा ठेवायचा. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण निर्णय चुकला असं मात्र वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी ती नोव्हायला घरी पोहोचली तेव्हा गॅरेज उघडंच होतं. आई बाबांचा एप्रन बांधून उभी होती. झाडलोट झालेली, कचऱ्याची पिशवी बाहेर गेलेली. टेबलावर निळी जोडी आरशासारखी चमकत होती.

आई बोलायला लागली ती थांबेचना. शर्यत तिने लॅपटॉपवर पाहिली होती. त्यातला माणूस म्हणाला, हिची नेहमीची जोडी कुठे आहे? मग तिने यूट्यूबवर व्हिडिओ शोधले, बाबांचा स्क्रेपर घेतला आणि सकाळपासून खरवडत बसली. मनगट दुखतंय, पण शनिवारी पोरगी याच जोडीवर पळणार. जुलैनंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

मैत्री पुढे झाली. उजव्या स्कीच्या टोकाजवळ तिने अंगठा टेकवला. तो सरळ खाली घसरला.

"हां, तिथेच," आई म्हणाली. "तिथे एक खळगा राहून गेला होता, बेटा. त्यांच्या हातून घाईत झाला असेल. कोणी पाहिलं असतं तर त्यांच्या कामाला नावं ठेवली असती नं. म्हणून तेवढी जागा मी जास्त घासली."