रिंग बंद करू नका

फोन पुन्हा टिंग करून वाजला आणि तिच्या काळजात पुन्हा धस्स झालं.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरून आलेला फोन नव्हता. ‘जवळ खुलं वाय-फाय नेटवर्क आहे. जोडायचं का?’ असं पडद्यावर आलं होतं. मघाशी समोरच्या केकच्या दुकानाचं होतं, आता औषधांच्या दुकानाचं. सकाळपासून आजूबाजूचं एकेक दुकान तिला असं आमंत्रण देत होतं, आणि दर वेळी ती घाईघाईनं फोन डोळ्यांसमोर धरत होती.

तिचा नवरा हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात होता. मेंदूत रक्तस्राव झालेला, अजून शुद्ध आली नव्हती. नातेवाइकांनी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसायचं, वर यायचं नाही, काही असलं तर फोन येईल, असा तिथला नियम. हॉल एवढा मोठा आणि माणसांनी असा भरलेला, की नाव पुकारलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. त्यामुळे प्रत्येकाचा जीव आपापल्या फोनला टांगलेला.

ती ग्रंथपाल होती. लोकांना ‘फोनचा आवाज बंद करा’ सांगण्यात तिचा जन्म गेला होता. परत एकदा टिंग झालं तेव्हा तिचं बोट सवयीनं आवाजाच्या बटणाकडे गेलं. फोन हातातच धरून बसायचं, थरथरला की कळेलच, असं तिनं स्वतःला समजावलं.

“आवाज बंद करू नका.”

शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं चक्क तिचा हात धरला होता. ती आधी दचकली, मग चिडली. ओळख ना पाळख, आणि हा कोण सांगणारा? म्हातारा मात्र ढिम्म हलला नाही.

“झोप झालेली नाही ना तुमची? मग डोळा लागला की हातातला फोन थरथरलेलाही कळत नाही. आणा इकडे.”

त्यानं तिला सावकाश दाखवलं. सेटिंग्जमध्ये जायचं, तिथून वाय-फायमध्ये, आणि खुल्या नेटवर्कची सूचना देणारं तेवढं एकच बटण बंद करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. पायात खडा गेला तर खडा काढायचा, पाय नाही, असं तो वर म्हणाला. मग आपल्या फोनवरून तिला फोन लावला, रिंग पुरेशी मोठ्यानं वाजते की नाही ते पाहिलं, आणि खात्री पटल्यावरच फोन परत दिला.

आधीपासून मुक्काम ठोकलेल्या लोकांनी त्याचं नाव टॉवरकाका ठेवलं होतं. हॉलमध्ये नवा माणूस आला की हा आधी त्याचा फोन तपासायचा, मग त्याची विचारपूस करायचा. काहीजण त्याला पाहून खुर्ची बदलायचे. म्हाताऱ्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे, असं एकजण तिच्या कानाशी येऊन सांगून गेला.

तिला मात्र त्याचा आधार वाटू लागला. तो चहा आणायचा, तिचं ऐकून घ्यायचा. नवरा आपली कशी चेष्टा करतो, ‘तुझ्या आयुष्यात पुस्तकं आधी, मी मागून’ असं कसं म्हणतो, ते तिनं त्याला सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. म्हातारा मान हलवत राहिला.

“तुमचं कोण आहे, काका?”

“बायकोसाठी येतो मी.”

कशा आहेत, असं तिनं विचारलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तिनं काही खाल्लंय का, असं विचारलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्या हॉलमध्ये कुणी कुणाला दुसऱ्यांदा विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्याबसल्या झोपली. टिंगटिंग नव्हती, त्यामुळे झोप गाढ लागली. रिंग खणखणली तशी ती धडपडत उठली. म्हातारा आधीच उभा होता.

“पळा,” तो म्हणाला. “पिशवी मी सांभाळतो.”

वर नवऱ्यानं डोळे उघडले होते. त्यानं तिला ओळखलं. ओठ हलले तशी ती वाकली.

“वाचनालय कुणावर सोडून आलीस?”

“बंद ठेवलंय. तुझ्यासाठी.”

तो हसला. तिचं बोट त्यानं मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

ती रडली, पोटभर रडली. पण त्या रडण्यातही तिला एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटत होती. ती वेळेवर पोचली होती. त्यानं तिला पाहिलं होतं, तो तिच्याशी बोलला होता. हे जर हुकलं असतं तर उरलेलं आयुष्य कसं काढलं असतं, ते तिला सुचेना.

सिस्टरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही, सिस्टरचा हातच धरला.

“सिस्टर, माझं एक ऐका. खाली ते काका बसतात ना, सगळ्यांचे फोन नीट करून देणारे? त्यांना वर येऊ द्या. नियम मोडला तर मोडू दे. बायकोजवळ घटकाभर बसू द्या त्यांना. फार उशीर व्हायच्या आत.”

सिस्टरनं ग्लास बाजूला ठेवला.

“त्यांचं इथं कुणी नाही हो, ताई. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटी शुद्धीवर आली होती, ‘त्यांना बोलवा’ एवढंच म्हणत होती. मीच फोन लावत होते, पुन्हा पुन्हा. अखेर खाली माणूस धाडला, तर ते खुर्चीत गाढ झोपले होते. नेटवर्कची टिंगटिंग नको म्हणून त्यांनी फोनचा आवाजच बंद करून ठेवला होता.”